वाढणारा हात

आमच्या मालकाला बोरी गावात सगळे भुजंगबुवा म्हणायचे. मी नाव घेत न्हाई. मान म्हणून न्हाई, सवय म्हणून. बुवा कसले डोंबलाचे. घरचं रान पडीक टाकून हा माणूस लोकांच्या पोटातले घास काढत फिरायचा.

तवा निजामाचं राज्य, जवळचा मोठा दवाखाना परभणीला, म्हणजे बैलगाडीनं अख्खा दिवस. त्यामुळं कुणाला घास उतरंना, उलट्या व्हायल्या, की लोक म्हणायचे, कुणीतरी करणीचा घास खाऊ घातलाय, तो आत अडकलाय. मग मालकाला बोलावणं. मालक त्या माणसाच्या पोटावर पितळी नळी टेकवायचे, दुसऱ्या टोकाला तोंड लावून जोरात ओढायचे अन् परातीत एक काळा घास थुंकायचे. त्यात केस असायचा. लोक हात जोडायचे.

तो घास मी वळलेला असायचा. शिळ्या भाकरीचा तुकडा, चुलीतली राख अन् माझ्याच डोक्याचा केस. मालक तो घरूनच गालात धरून निघायचे, म्हणून वाटंत कुणाशी बोलायचे न्हाईत. लोक म्हणायचे, बुवा मौन पाळतेत.

घास कुणी घातला, ते नाव मात्र मालकानं कधी घेतलं न्हाई. लय हुशार. नुसतं म्हणायचे, "घरात वाढणारा हात बघा." आता वाढणारा हात सुनेचाच असतोय. गावातल्या चार सुना माझ्या डोळ्यादेखत माहेरी धाडल्या. तरी मी घास वळतच राहिले, कारण माझी चूल त्याच्यावरच पेटायची. सांगायला लाज वाटती, पण सांगते.

मग एका साली मालकाचाच घास अडकायला लागला. भाकरी छातीशी जाऊन थांबायची. कडू हिरवं पाणी उलटून पडायचं. उजव्या बरगडीखाली कळ उठायची ती पार खांद्यापर्यंत जायची, अन् तेलकट खाल्लं की गडी गडाबडा लोळायचा. मी म्हणलं, "नळी लावून घ्या की." तर माझ्याकडं असं बघितलं, जशी काय मीच येडी.

बाजाराला जायलोत असं गावाला सांगून त्यांना परभणीला नेलं. तोंडावर उपरणं, कुणी वळखू नये म्हणून. डॉक्टरनं घसा बघितला, मग बरगडीखाली बोटं रोवून दाबलं. मालक ओरडले. डॉक्टर म्हणला, "घसा साबूत हाय. पित्ताच्या पिशवीत खडे झालेत. पित्त वर उलटतंय, म्हणून गिळलेलं अडकल्यावाणी वाटतंय. हैदराबादला जाऊन पिशवी काढून घ्या." त्या चार सुनांच्या सासवांची कळ बी बरगडीखालीच होती. बाकड्यावर बसल्या बसल्या मला ते आठवलं.

मालक हैदराबादला जाईनात. म्हणले, "गावाला कळलं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मूठ झाकली, पण हाडं कशी झाकणार? महिन्यात माणसाची काडी झाली. गावानं निदान केलं की बुवाला कुणीतरी घास घातला. त्यांना वाढतंय कोण? मी. सुग्रीव पाटलानं मारुतीच्या पारावर बैठक बसवली, मला गावाबाहेर काढायची. माझी एक बहीण तेवढी पाथरीला, पण करणीवाली म्हणून हाकलल्यावर तिच्या तरी दारात कोण उभं करणार होतं?

पाटलानं इचारलं, "बुवा, खरं सांगा. घास कुणी घातला?"

मी मालकाकडं बघितलं. परभणीला गेलतो, पित्तात खडे निघाले, एवढंच म्हणायचं होतं. वीस वर्सं भाकरी थापून घातलेल्या बाईसाठी एक वाक्य. मालक खाली बघत म्हणले, "मी कुणाचं नाव घेणार न्हाई. वाढणारा हात बघा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच घरी गेले, दोन घास वळले, गालात धरले अन् नळी घेऊन पारावर आले. पाटलाच्या गरगरीत पोटावर नळी टेकवली, ओढलं, एक घास सगळ्यांसमोर थुंकला. मग तोंडात बोट घालून दुसरा काढला अन् त्याच्याशेजारी ठेवला. म्हणलं, "पाटील, सकाळी चार भाकरी हाणून आलात, तुमाला काय धाड भरलीय? हे घास पोटातले न्हाईत, गालातले हायेत. मीच वळते. मालकाच्या पित्तात खडे झालेत, डॉक्टरनं सांगितलंय."

शेंबड्या पोराला बी कळलं असतं. मग पाटील उठले अन् वाकून माझे पाय धरले.

"नर्मदाबाई, बुवापेक्षा तुमची इद्या मोठी. एका ओढीत दोन घास काढले."

मागं सगळी रांग लागली पाया पडायला. अकलेचा दुष्काळ पडल्यावर तिथं माझ्यासारखीनं काय करायचं?

घरी आल्यावर मालक म्हणले, "ब्येस केलंस. नाव राहिलं." मी त्यांच्यापुढं पेज ठेवली अन् लुगड्यांचं गाठोडं बांधलं.

सकाळी वेशीत तीच माणसं आडवी आली, काल मला हाकलायला बसलेली. हात जोडून म्हणायली, "बाई, जाऊ नका. आता आमचे घास कोण काढील?"

"मालकाला इचारा," मी म्हणलं. "त्यांचा अजून तसाच अडकलाय."