आईच्या रक्तातलं प्रथिन

आमच्या घरात रक्ताचा रिपोर्ट आला की त्यात काहीतरी कमीच असायचं. आईनं पंचवीस वर्षं ऊस तोडला, तिच्या रक्तात जास्त होणार तरी काय! म्हणून बीडच्या दवाखान्यातला तो कागद हाती आला, आणि पस्तीसच्या आत हवं तिथं सहाशे बारा दिसलं, तेव्हा ती चक्क खूश झाली. "एवढं हाय? मग चांगलंच की."

सोनोग्राफीत अंडाशयाजवळ गाठ दिसली होती. डॉक्टरांनी समजावलं, सीए-१२५ हे एक प्रथिन आहे, अशा गाठीतल्या पेशी ते रक्तात सोडतात. इतर कारणांनीही ते वाढतं, त्यामुळे नुसत्या आकड्यावर काही ठरत नाही. मग पोटात साठलेलं पाणी तपासलं आणि कॅन्सरच निघाला. केमो लागू पडते का, हे आता याच आकड्यावरून बघायचं होतं.

आईला ते पटेना. गर्भाची पिशवी तिनं तिशीतच काढून टाकली होती, पाळीमुळे तोडीत खाडे नकोत म्हणून, टोळीतल्या इतर बायकांसारखी. "पिशवीच न्हाई, तर रोग बसला कुठं?" असं ती मलाच विचारायची.

आणि मी शाळामास्तरीण. तिला माझ्याकडे आणल्यापासून वर्गातला धडा तिच्यापुढं रोज गिरवत होते: वरण खा, अंडं खा, त्यात प्रथिनं असतात. डॉक्टरांच्या बोलण्यातला तिनं नेमका तेवढाच शब्द उचलला. प्रथिन वाढलंय. दुसऱ्या दिवसापासून वरण बंद, अंडी बंद.

"अगं, हे प्रथिन वेगळं. खाण्यानं नाही वाढत ते." मी शंभरदा सांगितलं, एकदा तर ओरडले. ती मान हलवायची आणि वाटी तशीच ठेवायची. ओरडल्याची मला अजून लाज वाटते.

दोन केमोनंतर आकडा दोनशे चाळीसवर आला. औषध काम करत होतं. आईचा चेहरा उजळला. "बघ, वरण सोडलं म्हणून उतरलं!"

वजन मात्र इतकं घटलं होतं, की डॉक्टरांनी पुढचा डोस थांबवला. अंगात ताकद आली तरच देऊ, म्हणाले. औषध तयार होतं, आणि वाटीभर वरण तिच्या पोटात घालणं मला जमत नव्हतं. इतकी हतबल मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

त्या दुपारी मी दोघींची ताटं वाढली. मला बघून तरी खाईल म्हणून तिच्यासमोर वरणात भाकरी कुस्करायला घेतली. तिनं हात पुढं केला. मला वाटलं, घेतेय. तिनं माझी वाटी उचलली आणि लांब सरकवून ठेवली.

"तू बी नको खाऊ, माय. तुझी तर पिशवी हाय अजून."