डाव्या कानाने ऐकलेलं पाणी

कारण सांगता न येणारे अनुभव लोक सांगायला लागले की मी हळूच विषय बदलायचे. सगळी नोकरी सरकारी ऑडिटमध्ये गेली... "कागद दाखवा, मग जागा दाखवा" हीच सवय. त्यामुळे हे लिहितानाही अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते असं.

निवृत्तीच्या आदल्या उन्हाळ्यात वेल्हे तालुक्यात पाणी योजनांची तपासणी होती. पाली गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत एक धनगरवस्ती आहे. तिथल्या विहिरीला पाणीच लागलं नव्हतं, म्हणून योजना बंद करायचा प्रस्ताव होता. मला फक्त विहीर बघून शेरा द्यायचा होता. पालीपर्यंत जीप, पुढे चढण. सोबत जाधव नावाचे तरुण इंजिनिअर होते.

विहीर खरंच कोरडी होती. तळाला नुसते दगड. वस्तीवरच्या ठकुबाई आम्हाला घेऊन आल्या होत्या. शेळ्या राखून हात राठ झालेले, बोलणं मोजकं. पाण्यासाठी पार खालच्या ओढ्यापर्यंत जावं लागतं, दोन घरं वस्ती सोडून किकवीकडे गेली, असं त्या सांगत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, तुमी बंद म्हनून लिवलं की आमीबी उठनार हितनं. कुठं जायाचं, ते न्हाई ठावं."

मी काही बोलणार, तेवढ्यात पाण्याचा आवाज आला. खळखळ... अगदी स्वच्छ. आणि तो डाव्या कानात येत होता. लहानपणी गालगुंड झालं तेव्हापासून मला त्या कानाने काहीच ऐकू येत नाही. मी उजवा कान हाताने घट्ट दाबला. ठकुबाई, जाधव, शेळ्या, सगळं बंद झालं. पाणी मात्र वाहतच होतं.

मी आवाजाच्या मागे चालत गेले. गोठ्यामागे करवंदीची जाळी होती, तिच्याजवळ तो सगळ्यात मोठा झाला. त्या दोघांना विचारलं. दोघांनाही काही ऐकू येत नव्हतं.

आता ऑडिटरने 'मला ऐकू आलं' असं लिहायचं कसं? मी जाधवांना सांगितलं, योजना बंद करण्याआधी या जागेची भूजल तज्ज्ञांकडून पाहणी व्हावी, असा शेरा घ्या.

"मॅडम, कारण काय लिहू?"

"जागेवर आवश्यक वाटलं, एवढंच लिहा."

त्यांनी तसंच लिहून घेतलं.

पाहणी झाली. त्या जाळीजवळ बोअर घेतली आणि पाणी लागलं! जाधवांनीच फोन करून कळवलं.

निवृत्त झाल्यावर मुद्दाम वस्तीवर गेले. गेलेल्या दोन घरांपैकी एक परत आलं होतं. अंगणात नळ, नळाखाली हंडा. डाव्या कानात मात्र त्या दिवसानंतर पुन्हा काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, या कानाची नसच गेलीय, ऐकू येणं शक्य नाही. आयुष्यभर मी इतरांकडे खुलासे मागितले, याचा खुलासा मला आजही देता येत नाही.

वस्तीवर पुन्हा गेले त्या दिवशी ठकुबाईंना मी कानाचं सगळं खरं सांगितलं, अजूनही तो बंदच आहे, हेही. त्यांनी भरलेला तांब्या माझ्या हातात दिला.

"आता न्हाई ऐकू आलं तरी चालंल, बाई. पानी येतंय न्हवं?"