मागच्या अंगणातले वाफे

किस्से काही गोळा करावे लागत नाहीत. शाळेच्या फाटकाशी स्टूल टाकून बसलं की लेकराला सोडायला आलेला माणूस एखादा ठेवूनच जातो. आमची शाळा राजूरच्या रस्त्याला, एकदम चिल्ल्यापिल्ल्यांची. पाटीवर 'किंडरगार्टन' लिहिलंय म्हणतात. मला वाचता येत नाही. मी फाटक सांभाळतो, झाडांना पाणी घालतो. लेकरं मला आबा म्हणतात.

*

एकदा एका आजीनं विचारलं, "आबा, ह्या नावाचा अर्थ काय हो?"

मी रोहिणी मॅडमकडं गेलो. लेकरांना त्याच शिकवतात. म्हणाल्या, "आबा, शब्द जर्मन आहे. किंडर म्हणजे लेकरं, गार्टन म्हणजे बाग. तिकडच्या एका मास्तरानं हे नाव काढलं. इंग्रजांनी जसंच्या तसं उचललं."

"अन् आपण इंग्रजांकडून?"

"हो."

"म्हणजे शेजारणीनं तिसऱ्या घरून आणलेलं विरजण आपण मागून आणलं!"

आजीला हे सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकलं अन् विचारलं, "मंग, लागलं का दही?"

*

त्या जर्मन मास्तरानं लेकरांना खरोखरचे वाफे दिले होते म्हणे. मॅडमच्या मनानं ते घेतलं. मागच्या अंगणात आम्ही एकेका लेकराला हातभर वाफा करून दिला. लेकरांनी त्यात मेथी टाकली.

दुसऱ्या दिवशी एक बाप मोटरसायकल स्टँडवर लावून आला.

"मॅडम, माती तर आमच्या वावरात ढिगानं हाय! तुम्ही इंग्लिश शिकवा!"

मॅडम म्हणाल्या, "इंग्लिशच चाललंय. पहिला शब्द चालू आहे."

*

एक पोरगं रोज आपला वाफा उकरून बघायचं. मॅडम म्हणाल्या, "अरे, बी झोपलंय. झोपू दे की त्याला."

"झोपलंय का, तेच तर बघून राह्यलो!"

*

शाळा भाऊसाहेबांची. माणूस चांगला, पण त्यांना मागच्या अंगणात माती झाकायला सिमेंटचे गट्टू बसवायचे होते.

"लेकरांचे बूट मातीनं भरतात, मॅडम. पालक बोलून राह्यले. सोमवारी ट्रॉली येणार."

"वाफे उगवून आलेत, भाऊसाहेब."

"मेथी बाजारात मिळते."

"मग पाटीवरचं नाव तरी खोडा," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण डोळे भरले होते. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

*

सोमवारी ट्रॉली आली. ड्रायव्हर गट्टू कुठं टाकायचे विचारत उभा राहिला. भाऊसाहेब जागा दाखवायला मागच्या अंगणात आले. वाफ्यांत दोन दोन पानांची मेथी वर आली होती. पहिल्या वाफ्यापाशी चार वर्षांची एक पोरगी बसली होती, अनवाणी. आमच्याकडं पेरलेल्या रानात बरेच जण चप्पल घालून जात नाहीत. तिनं ते घरी पाहिलं असणार.

भाऊसाहेबांनी पाय उचलला तशी ती वर न बघताच म्हणाली, "आजोबा, चप्पल काढा. पेरलंय."

भाऊसाहेब थांबले. मॅडम दारात उभ्या होत्या, मी पाण्याची बादली धरून. भाऊसाहेबांनी एका पायातली काढली, मग दुसऱ्या पायातली. दोन्ही हातात धरून उभे राहिले.

ड्रायव्हर मागून ओरडत आला, "भाऊसाहेब, टाकू का इथं? मला अजून एक खेप हाय!"

"हळू बोल," भाऊसाहेब म्हणाले. "अन् आधी चप्पल काढ!"