बाबांनी केलेला विमानाचा पंखा

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे विमानावर लिहिणं जरा जास्तच होतंय, हे कळतंय मला. पण हा पंखा माझ्या बाबांनी केलाय आणि ते स्वतः काही लिहायचे नाहीत. तेव्हा सांभाळून घ्या.

आमच्या कॉलेजच्या शेडमध्ये एक जुनं अल्ट्रालाइट विमान आहे. नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, एकच खुर्ची, पाठीमागे मोपेडसारखं फटफटणारं टू-स्ट्रोक इंजिन आणि त्याला दोन पात्यांचा लाकडी पंखा. ते परत उडवायचं सरांनी मनावर घेतलं होतं, पण पंख्याला तडा गेलेला. बाबा सुतार, नवघरला दारं-कपाटं करतात. मी धीर करून म्हटलं, "सर, बाबांना विचारू का?"

सरांनी लाकूड दिलं. नकाशा मी काढला, एकाच पात्याचा. दुसऱ्या बाजूला नुसतं लिहिलं, 'तसंच'.

आठ दिवस खपून बाबांनी पंखा केला. सुरेख झाला, पण चुकला. जन्मभर त्यांनी दाराच्या जोड्या केलेल्या. डावी फळी, उजवी फळी, आरशात दिसावी तशी. पात्यांचा पीळही त्यांनी तसाच समोरासमोर ठेवला.

"बाबा, यातलं एक पातं हवा मागे ढकलेल, दुसरं पुढे."

"मग विमान जाणार कुठे?"

"कुठेच नाही."

"म्हणजे नवरा-बायकोचंच झालं."

"मी ऐकतेय हां," आई आतून म्हणाली.

"आणि 'तसंच' कोणी लिहिलं, इंजिनेरसाहेब?" बाबांनी विचारलं. मी सरांकडून दुसरं लाकूड मागून आणलं.

दुसऱ्या लाकडाच्या मधोमध त्यांनी खिळा ठोकला, पुठ्ठ्याचं कापलेलं पातं त्याला अडकवलं आणि आखून झाल्यावर ते अर्धा फेरा फिरवून पुन्हा आखलं. तयार पंखा सळईवर तोलला. हलक्या पात्याला पॉलिशचा एक हात जास्त दिला.

सर म्हणाले, "आधी जमिनीवर इंजिन चालवून बघू. थरथरलं, तर विकतचा बसवू."

धावपट्टी कॉलेजपासून दूर होती आणि माझी परीक्षा चालू होती, म्हणून मला जाता आलं नाही. बाबा रोज रंधा मारता मारता विचारायचे, "सरांचा फोन?" मी नाही म्हटलं की रंधा जोरात चालायचा.

बाराव्या दिवशी सरांचा मेसेज आला. मी तो बाबांना वाचून दाखवला. "थरथर नाही. आज विमान उडालं, दोन फेऱ्या मारून नीट उतरलं. पंखा मिस्त्रींचाच."