पौर्णिमेला विझवलेला दिवा

मे महिन्यात नागपूरच्या घरांना वाळ्याचा वास असतो. खिडकीतल्या कूलरच्या ओल्या ताट्यांतून तो दिवसभर खोलीत झिरपत राहतो आणि बाहेरचे ऊन पडद्याच्या कडेने आत डोकावू लागले, की अधिकच गडद होतो. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरात मात्र त्या वाळ्यात आणखी एक गंध मिसळलेला असतो, खारट, किंचित शेवाळलेला, ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या खडकांचा. देशाच्या ऐन मध्यावर, जिथून कुठल्याही दिशेने निघाले तरी समुद्र दूरच, तिथे आमच्या बैठकीत काचेच्या भिंतींआड एक लहानसा समुद्र आहे. त्यात प्रवाळ आहेत, त्यांच्या मऊ हातांना डोलवणारा पंपाचा प्रवाह आहे, आणि पिवळ्या शेपटीचा, गर्द निळ्या रंगाचा एक टँग मासा आहे. आई त्याला निळ्या म्हणते.

हा समुद्र मी आणला तो बाबांच्या मागे. बाबा गेले आणि आईने बोलणेच सोडले. रडणे नाही, तक्रार नाही, विचारलेल्या प्रश्नाला मान हलवून उत्तर, बस्स. मिहानमधल्या कार्यालयातून मी दिवेलागणीला परते तेव्हा ती सकाळी जिथे बसलेली दिसली होती तिथेच बसलेली असे. टाकी आली त्या दिवशी बऱ्याच काळानंतर ती एक सबंध वाक्य बोलली. "इथं प्यायच्या पाण्याची मारामार, अन् तू समुद्र काहून आणून राहिली वं घरात?" तो टोमणा मला किती गोड लागला म्हणून सांगू! निळ्या आल्यावर तर तिच्या बोलण्याला पाझरच फुटला. "काहून गा निळ्या, आज जेवला नाही काय?" असे ती काचेला नाक लावून विचारी, आणि तोही लबाड, शेवाळाचा तुकडा माझ्या हातून कधी घेणार नाही, तिच्या बोटांतून मात्र ओढून नेई. कुणी हसले तर हसो, पण एका माशाने आमचे घर पुन्हा बोलते केले होते.

म्हणून या वैशाखात त्याच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले तेव्हा मी तशीच धरमपेठेतल्या शोभेच्या माशांच्या दुकानात धावले. मिठाचे कण चिकटावेत तसे ते दिसतात, आणि दिसतात तितके साधे नसतात. प्रत्येक ठिपक्यात एक सूक्ष्म परजीवी माशाच्या देहावर पोसला जातो, पुष्ट झाला की गळून वाळूत पडतो, तिथे स्वतःभोवती कोष करतो, आणि काही दिवसांनी त्या एकाचे शेकडो होऊन नवा देह शोधत पाण्यात सुटतात. साध्या टाकीत तांब्याचे औषध घालता येते; आमच्या टाकीत घातले तर प्रवाळ मरतील. माशाला वेगळ्या पाण्यात हलवायचे तर सारे खडक उपसावे लागणार, आणि त्या धसक्यानेच हा भित्रा जीव जायचा, असे दुकानदाराचे म्हणणे पडले. उरला अतिनील किरणांचा दिवा. तो एका काळ्या नळीत बंद असतो; पंपाने ढकललेले पाणी त्याच्या अंगावरून संथपणे सरकते आणि त्या पाण्यात तरंगणारे जे काही असेल ते त्या किरणांनी मरते. माशाच्या अंगावरच्या ठिपक्यांना तो शिवत नाही, वाळूतल्या कोषांनाही नाही. कोष फुटल्यावर ती पिल्लावळ पाण्यात भटकत असते, तेवढ्या वेळातच काय तो त्याचा उपयोग. "एकदा लावला का मंग बंद नाही करायचा, ताई," दुकानदाराने बजावले होते.

टाकीखालच्या कपाटात मी तो बसवला आणि नळीच्या इवल्याशा खिडकीत निळसर उजेड उमटला. आई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, तिच्यापुढे गोलमाल उत्तरे चालत नाहीत.

"त्या नळीत काय मरून राहिलं?" तिने विचारले.

"रोगाचे जंतू."

"अन् बाकीचं?"

बाकीचेही, मी म्हटले. पाण्यातून वाहत जे जे आत येईल ते सगळे, बरेवाईट न निवडता. मला तिचा चेहरा वाचता येतो आणि तो मला आवडला नाही.

बैठकीतल्या बुद्धमूर्तीपुढे ती सकाळ-संध्याकाळ वंदना म्हणते आणि पाच शीले घेते, त्यांतले पहिले प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे. आमच्यात सगळेच ते म्हणतात, आणि डास चावला की सगळेच टाळी वाजवतात. आई नाही. साखरेला मुंग्या लागल्या तर ती डबा उन्हात ठेवते आणि त्या आपापल्या निघून जाईपर्यंत चहा बिनसाखरेचा पिते. विहारातल्या बायका थट्टा करतात तेव्हा म्हणते, "मी कुठं तुम्हाले सांगून राहिली? मी माह्यापुरतं घेतलं." माझा या बाबतीत तिच्याशी अनेकदा खटका उडाला आहे, आणि प्रत्येक वेळी ती शांतपणे डब्याला ऊन दाखवून मोकळी झाली आहे.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "उद्या तो दिवा बंद ठेवशीन काय वं? एकच दिवस. बुद्धपौर्णिमेले घरात ते नको." आईने माझ्याकडे आजवर काही मागितल्याचे मला आठवत नाही. मी शब्द दिला, आणि देताक्षणीच त्याचे ओझे जाणवू लागले.

सकाळी ती पांढरी साडी नेसून विहारात गेली. मी दिवा आणि त्याचा पंप चालवणारे बटन बंद केले आणि टाकीपुढे बसले. पाणी नितळ होते, नेहमीपेक्षाही नितळ, आणि त्या नितळपणाचीच मला भीती वाटत होती, कारण मधल्या दिवसांत गळून पडलेले ठिपके मी पाहिले होते आणि कोष फुटायचे तर आजकालच फुटायचे होते. डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. दिसत होता तो फक्त निळ्या, खडकाला अंग घासणारा, मग थबकणारा, मग पुन्हा घासणारा. ऊन चढत गेले तसे त्याचे कल्ले भराभर हलू लागले. आई परतली, तिने खीर केली, मला वाटी दिली आणि निळ्यासाठी शेवाळ धरले. तो जागचा हलला नाही. ती बराच वेळ तसाच हात पाण्यात धरून उभी होती.

तिसऱ्या प्रहरी तो कोपऱ्यात, कूलरच्या बाजूच्या काचेशी, तिरका होऊन लटकल्यासारखा राहिला. मी उठत होते, बसत होते. बटनाकडे पाहत होते आणि दिलेल्या शब्दाला मनातल्या मनात शिव्या देत होते. शेवटी माझा तोल गेला.

"माशासाठी नाही लावला वं आई मी तो दिवा! तुह्यासाठी लावला!"

"मले माहीत आहे," आई म्हणाली.

तिचा आवाज अगदी साधा होता. ती उठली, पदर खोचला, गुडघ्यांवर हात रेटत कपाटापुढे खाली बसली. "कोणतं बटन आहे, दाखव."

मी लावते, म्हणत मी पुढे झाले, तर तिने माझे मनगट धरले. खिरीचा, वेलचीचा वास होता तिच्या हाताला. "तू नको. तुनं मले शब्द देला. अन् जीव मरतीन तं माह्या हातानं मरतीन, तुह्या नाही."

तिने बटन दाबले. नळीच्या खिडकीत उजेड आला आणि नळीतले पाणी पूर्ववत सरकू लागले.

संध्याकाळी ती वंदनेला बसली. मी मागे होते. बुद्ध-धम्म-संघाला शरण जाणारे त्रिसरण झाले, आणि मग ती एकदम दुसऱ्या शीलावर गेली. मला वाटले, थकली असेल, चुकली. वंदना आटोपल्यावर मी तसे म्हटलेही. तिने साडीची घडी सारखी केली.

"जे पाळून नाही राहिली, ते घेऊ कसं?"

त्याला आता बरेच दिवस झाले. दिवा अविरत चालू आहे. ठिपके विरळ होतात, वाटते संपले, आणि एखाद्या सकाळी कल्ल्याजवळ पुन्हा एक दिसतो. निळ्या मात्र शेवाळ ओढू लागला आहे आणि आई त्याच्याशी बोलते आहे, अगदी पूर्वीसारखी. मी जे वाचवायला निघाले होते ते वाचले आहे, निदान आजपुरते. पण रोज संध्याकाळी त्रिसरण संपते, दुसरे शील सुरू होण्याआधी तिचा आवाज किंचित अडतो, आणि तेवढ्यात मला कपाटातून पाण्याची बारीक गुणगुण ऐकू येते. तो दिवा कधी विझवता येईल, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. तोवर माझी आई चारच शीले घेते.