‘युनिक’ला उर्दूत काय म्हणतात

अक्का, परभणी स्टेशनवर आण्णा एकटेच मला सोडायला आले होते. गाडी हलेपर्यंत एकच सांगत राहिले, "इंग्रजी सुधार रे. उर्दूला आता कुणी विचारणार नाही." पोलीस अ‍ॅक्शनला दोन वर्षं होऊन गेली होती. निजामाच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत सगळं उर्दूतून शिकलेला मी एकाएकी अडाणी ठरलो होतो.

डोंबिवलीत काकांच्या दोन खोल्यांत आम्ही सात माणसं. सकाळी विहिरीचं पाणी भरायचं आणि ठाण्याला एका वकिलांकडे कारकुनीला जायचं. कोर्टाच्या तारखेला मी ‘पेशी’ म्हणायचो, की बाकीचे कारकून हसायचे. हळूहळू मी बोलणंच कमी केलं.

मग कल्याण कॅम्पातले फाळणीचे निर्वासित भरपाईचा क्लेम करायला पंजाबात सुटलेल्या जमिनींचे उर्दू कागद घेऊन यायला लागले, आणि ते सगळे माझ्या टेबलावर पडू लागले. आण्णांचं म्हणणं खोटं ठरलं, पण आनंद काही झाला नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या गेलेल्या शेतांच्या चतुःसीमा लिहून माणूस शिणतो गं.

एकदा लालाजी नावाचे म्हातारे गृहस्थ आले. त्यांच्या कागदांत मुलाच्या कॉलेजचा इंग्रजी दाखला निघाला. वकीलसाहेबांनी तो बाजूला ठेवला. "क्लेमला याचा उपयोग नाही." लालाजी तो उचलून माझ्याकडे आले. मुलगा इकडे येताना वाटेतच कॉलऱ्याने गेला होता.

"बेटा, सब कहते हैं, लिखा है अच्छा लड़का था. इतनी लंबी बात में बस इतना ही?"

मी वाचू लागलो आणि ‘युनिक’वर अडलो. ऑफिसातली डिक्शनरी काढली. ‘एकमेव, अद्वितीय’. घाईत म्हणून गेलो, "अकेला."

त्यांचा चेहरा पडला. "अकेला कहाँ था? चार बहनें थीं उसकी."

"नहीं लालाजी," मी म्हणालो. "यकता. जिसका कोई सानी नहीं."

"यकता," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा एकदा म्हणाले. मग दाखल्यावर ‘युनिक’च्या खाली तो उर्दूत लिहून मागितला. मूळ कागदावर लिहू नये हे मला कळत होतं, तरी लिहिला. वकीलसाहेब ओरडले, "अहो, दाखल्यावर काय खरडताय?" लालाजी मध्ये पडले, "मैंने कहा था, साहब."

पुढच्या रविवारी ते मला कॅम्पात घेऊन गेले. मिलिटरीची जुनी बराक, मध्ये गोणपाटाचे पडदे. त्यांच्या बायकोने मुळ्याचे पराठे वाढले, दाखल्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "बेटा, तेरा घर कहाँ है?"

"डोंबिवली," मी म्हणालो.

अक्का, त्यांच्या घरात आज कोण राहतंय हेही त्यांना ठाऊक नव्हतं, तरी ती बाई सारखी "हमारे घर में" म्हणून तिथलंच सांगत होती. आपलं घर तर उभं आहे. तू आहेस, आण्णा आहेत, तिकीट काढलं की दुसऱ्या दिवशी पोचता येतं. आणि माझ्या तोंडून परभणी आलंच नाही. चूक सुधारायला तोंड उघडलं, पण सुधारली नाही.

आता कुणी विचारलं तर डोंबिवलीच सांगतो. तू रागावू नकोस. दिवस संपल्यावर जिथे पाठ टेकतो, त्यालाच घर म्हणायची सवय लागली आहे.