चार बोटं कमी

गवंड्याला सगळे ओळंब्या म्हणत. त्याच्या भिंतीला ओळंबा लावला की दोरी वरपासून खालपर्यंत विटेला सारखं अंतर ठेवून उतरायची. जन्मभर त्यानं लोकांची घरं बांधली आणि स्वतः भाड्याच्या खोलीत दिवस काढले.

मग राज्यानं कायदा सोपा केला. एका मोठ्या घराच्या जागेवर सहा लहान घरं बांधून विकता येऊ लागली. अट एकच. सरकारी नमुन्याचा नकाशा घ्यायचा आणि त्यात काडीचा बदल करायचा नाही. एवढं पाळलं तर परवानगीसाठी चपला झिजवायला नकोत. अशाच सहा घरांचं काम ओळंब्याकडे होतं, त्यातलं कडेचं घर बिल्डरनं त्यालाच विकलं. त्याला झेपेल अशा किमतीचं, जन्मातलं पहिलंच. बायको हरखली. "खाली स्वयंपाक, वर निजायचं. राणीसारखी जिना उतरेन मी," म्हणाली.

पाया भरून झाला आणि तिचा पाय गेला. साखरेच्या आजारात गुडघ्याखाली कापावा लागला. आता चाकांची खुर्ची. खाट खाली टाकता आली असती, पण नकाशात अडलं न्हाणीघरापाशी. एका अंगाला बाहेरची भिंत, दुसऱ्या अंगाला जिन्याची, मधे उरली तेवढीच दाराची रुंदी. ओळंब्यानं सुतळीनं खुर्ची मापली. चार बोटं कमी.

तो बिल्डरकडे गेला.

"मामा, माझी ना नाही हो," बिल्डर म्हणाला. "पण नकाशा हलला की सहाही घरं परवानगीच्या जुन्या रांगेत. तिथं माणसाचे केस पिकतात."

"माझे पिकलेत."

"माझे गळतील!"

ओळंब्यानं गुपचूप जिन्याची भिंत चार बोटं सरकवून बांधली. तीही ओळंब्यात. चोरीची भिंतसुद्धा त्याला वाकडी जमेना.

तपासणीला आलेल्या बाईंनी जिन्यात टेप धरली, पुन्हा धरली.

"जिना अरुंद झालाय."

ओळंब्यानं खरं ते सांगितलं. बाई पायरीवर बसून ऐकत राहिल्या.

"खुर्चीसाठी वेगळा नमुना आहे, मामा. पण तो पायापासून घ्यावा लागतो. आणि आग लागली तर वरची माणसं ह्याच जिन्यानं खाली यायची ना? सहा घरांना दाखला एकच. मी काय करू, सांगा."

ओळंब्या दाराशी आला. बाहेर उरलेल्या पाच घरांची माणसं किल्ल्यांसाठी उभी होती. एकीच्या कडेवर तान्हं होतं. "आमचं सामान टेम्पोत आहे हो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

सोबतचे मिस्त्री म्हणाले, "आम्ही पाडतो, तू चहा पी."

"मी रचलीय," ओळंब्या म्हणाला. एकेक वीट त्यानं अख्खी सोडवली, चुना-सिमेंट खरवडून रचून ठेवली. मग तीच वीट परत नकाशातल्या रेघेवर चढवली.

दाखला मिळाला. पाच घरांत दिवे लागले. बायकोला घेऊन तो आला. तिनं खुर्ची न्हाणीघराच्या दारात नेली. दोन्ही चाकं चौकटीला टेकली.

"भिंत मात्र सुरेख आलीय हो," ती म्हणाली.

"मी नेईन उचलून."

तिनं त्याच्या दुखऱ्या कमरेला सदऱ्याखाली बांधलेल्या पट्ट्याकडे पाहिलं. खुर्ची मागे घेतली. वळायला जागा नव्हती, म्हणून तशीच उलटी, बाहेरच्या दारापर्यंत.